शनिवारी सांगलीविरुद्ध फायनल, त्यांच्या कुठल्या पोरांवर लक्ष ठेवायचं?

शाहूपुरीकर:
शनिवारी आमच्या कॉलेजची सांगलीच्या टीमशी बास्केटबॉलची इंटरझोनल फायनल आहे, साताऱ्यातच. हॉस्टेलची आम्ही चाळीसेक पोरं हलगी घेऊन येणार. खरं सांगायचं तर या खेळातलं आम्हाला फार कळत नाही, आमचा सगळा जीव कबड्डीत. गेल्या वर्षी नुसते बोंबललो. आमचाच गडी फ्री थ्रोला, म्हणजे फाउलनंतरच्या मोकळ्या शॉटला, उभा असताना हलगी घुमवली, त्याचे दोन्ही गेले, आणि आठवडाभर तो मेसमध्ये आमच्या टेबलावर बसला नाही. तिसऱ्या क्वार्टरला सगळ्यांचे घसे बसले ते वेगळंच. यंदा सरांची अट आहे, एक जरी शिवी ऐकू आली तरी हलगी जप्त.

तर सांगलीचं कोण कसं खेळतं, कुणाच्या वेळी ओरडायचं नि कुणाच्या वेळी गप्प बसायचं? ज्यांनी त्यांच्या मॅच बघितल्यात त्यांनी सांगा.

पहाटचा_गडी:
मी पहाटे उठून अमेरिकेतल्या कॉलेजांच्या मॅच बघतो. ड्यूक युनिव्हर्सिटीच्या कॅमेरॉन स्टेडियममध्ये पोरं कोर्टाला अगदी खेटून उभी असतात, समोरच्या टीमची पार कुंडली काढून आलेली. तुम्ही शॉट क्लॉक मोजा, म्हणजे बॉल हातात आल्यापासून शॉट मारायला मिळणारा वेळ, शेवटचे दहा सेकंद एका सुरात. ३० सेकंद असतात.

स्कोअरशीटवाले_काका:
३० तिकडे, बाबा. आपल्याकडे २४. तिकडे मुलांच्या मॅचला वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ, आपल्याकडे दहा-दहा मिनिटांचे चार क्वार्टर. बॉल अर्ध्या कोर्टापलीकडे न्यायला तिकडे १०, आपल्याकडे ८. ३० मोजलेत तर सांगलीची पोरं पोट धरून हसतील.

मी वीसेक वर्षं टेबलावर स्कोअरशीट लिहिली. यंदा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून सुट्टी. पण झोनलला बहिणीकडे सांगलीला होतो, त्यामुळे या टीमच्या दोन मॅच बघायला मिळाल्या, ऑपरेशनच्या आधी. पॉइंट कुणी किती केले ते सोडून द्या, ते कागदावर कुणालाही दिसतं. मी सांगतो ते पाय नि हात.

७ नंबर बॉल वर आणतो. बुटका, चपळ, पण उजव्या हाताचा गुलाम. डावीकडे गेलाच तर एक टप्पा, फार तर दोन, की गिरकी घेऊन परत उजवीकडे. साइडलाइनजवळ दोघांनी घेरलं की बॉल हातात उचलतो, मग धड ड्रिबल नाही नि पासही नाही. तुमच्या टीमने प्रेस लावला, म्हणजे त्यांना त्यांच्याच अर्ध्यात घेरलं, की ८ सेकंदांचं मोजणं तिथं करा. मात्र बरोबर मोजायचं. मुद्दाम पुढे पळवून मोजणारे मी बघितलेत, तो रडीचा डाव झाला. खरा आकडाच पोराला पुरे होतो.

११ नंबर त्यांचा उंच सेंटर, सहा-चार तरी असेल. दोन्ही मॅचमध्ये पहिल्याच क्वार्टरला त्याच्या नावापुढे दोन फाउल लागले. कारण साधं आहे, पाय उशिरा पोचतात आणि मग ब्लॉकला वर गेलेला हात समोरच्याच्या मनगटावर येतो. हात सरळ वर ठेवला असता तर काही नव्हतं. पाच झाले की तो बाहेर, म्हणून तिसऱ्यालाच त्यांचे सर त्याला बाकावर घेतात. टेबलावरून फाउलचा आकडा वर धरतात, तो बघत जा. ३ दिसला की हलगी. तो बसला की रिंगखाली त्यांचं कुणी नाही.

आता ९ नंबर. याच्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण असा शूटर आपल्या भागात रोज बघायला मिळत नाही. जागा ठरलेली, उजवा कोपरा. पास छातीवर आला तर मी पेन टेकवून तीन पॉइंट मांडायची तयारी केली असती. पण पास गुडघ्याशी आला की बॉल वर आणताना त्याचं कोपर बाहेर जातं आणि शॉट रिंगच्या मागच्या कडेला लागतो. म्हणजे त्याला पास देणाऱ्याला सतावायचं, त्याला नव्हे. तो फ्री थ्रोला उभा राहिला की तीन टप्पे मारतो, बॉल फिरवून शिवण बोटांखाली आणतो, मग एक लांब श्वास. त्यांच्या मॅचला पलीकडच्या पोरांनी रिंगमागून पत्रे बडवले, तर हा गालातल्या गालात हसला आणि दोन्ही टाकले. त्याच्यावर घसा वाया घालवू नका.

१४ नंबर बाकावरून येतो. शूटिंग यथातथाच, पण चुकलेला बॉल त्याच्याच हातात पडतो. त्यांनी असा रिबाउंड घेतला की क्लॉक २४ नाही, १४ वर येतं, तिथं मोजताना चुकू नका. फ्री थ्रोला मात्र हा घाई करतो. ओरडायचं तर याच्या वेळी. बाकीचे आहेत आपले.

विश्रामबागकर:
अहो काका, आमच्याकडचं भडंग खाऊन आमचीच पोरं उघडी पाडलीत की! ७ नंबरचं डावं मनगट तेव्हा दुखावलं होतं, पट्टी होती, ती तुम्हाला दिसली नसणार. आता सुटलीय. शनिवारी त्याला खुशाल डावीकडे ढकला, मग बघू. ११ चं मान्य. सर त्याला प्रॅक्टिसला हात पाठीमागे धरून डिफेन्स करायला लावतायत, म्हणजे आधी पाय हलतील. आणि हलगीचं आम्हाला काय सांगता, आमची पोरं गणपतीत हलगीपुढेच वाढली.

पण एकाच बाजूचं लिहिणं टेबलावरच्या माणसाला शोभतं का?

स्कोअरशीटवाले_काका:
पट्टी खरंच दिसली नाही. म्हटलं ना, मोतीबिंदू. ७ नंबरचं मी लिहिलेलं अर्धं खोडा.

आणि बोललात ते बरोबर. घ्या, साताऱ्याचं पण. त्यांचा झोन डिफेन्स, म्हणजे माणसामागे न जाता आपापली जागा राखायची, २-३, पुढे दोन मागे तीन. पुढचे दोघे बॉलमागे धावतात आणि फ्री थ्रो लाइनपाशी मधोमध बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडतं. तिथं एक जण उभा करून त्याला बॉल द्या, मागच्या तिघांतला एक पुढे येतो आणि तुमचा ९ नंबर कोपऱ्यात मोकळा. दुसरं, साताऱ्याचा ५ नंबर. मॅच अटीतटीची झाली की त्याच्यावर फाउल करा. फ्री थ्रोला गुडघे वाकवत नाही, नुसत्या हाताने फेकतो. चौथ्या क्वार्टरला पाय दमले की बॉल रिंगपर्यंत पोचत नाही.

शाहूपुरीकर:
काका, हे काय! प्रश्न आम्ही विचारला होता.

विश्रामबागकर:
😄 काका, सांगलीला कधी येताय परत? भडंग आमच्याकडून.

शाहूपुरीकर:
गेल्या वर्षी ज्याच्या फ्री थ्रोला हलगी वाजवली तो हाच ५ नंबर. माझा रूममेट. वर लिहिलेलं त्याला दाखवलं. काही बोलला नाही, बूट घातले आणि बॉल घेऊन कोर्टावर गेला. आता रात्रीचे साडेदहा वाजलेत, वॉचमन दोनदा ओरडून गेला, तरी टप्पे ऐकू येतायत.

स्कोअरशीटवाले_काका:
त्याला म्हणावं, शॉट सुटल्यावर टाचा उचललेल्या दिसल्या पाहिजेत. आणि खाली जाऊन बॉल परत फेकायला तरी उभा राहा रे कुणीतरी.