किट कारसाठी ट्विन टर्बो की सिंगल? मदत हवी आहे (नाशिक)

नमस्कार मंडळी,

मी नाशिकचा, अंबडला फॅब्रिकेशनच्या कामात आहे आणि दीड वर्षापासून रविवारचे रविवार लोटस सेव्हन टाइपची (जुन्या ब्रिटिश उघड्या स्पोर्ट्स कारसारखी, छोटी दोन सीटची) गाडी बनवतोय. किट असं विकत आणलेलं काही नाही, लोकॉस्टची (असली गाडी स्वस्तात घरी बनवायच्या डिझाइनची) ड्रॉइंग घेऊन २५ एमएम चौकोनी पाइपात फ्रेम स्वतःच वेल्ड केलीय, मूळ मापापेक्षा चार इंच रुंद आणि चार इंच लांब. पासिंगचं कोणी काढू नका प्लीज, टाइप अप्रूव्हलचा (नव्या मॉडेलच्या सरकारी मंजुरीचा) खर्च माझ्या सात पिढ्यांना झेपणार नाही आणि जुन्या गाडीच्या आरसीवर चढवायचं म्हटलं तर २०१९ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर (कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही) तेही विसरा. ट्रेलरवर टाकून ट्रॅकला न्यायची आणि एरवी मामाच्या मळ्यात धुरळा उडवायचा, एवढंच.

आता अडलंय ते इंजिनावर. मुंबईच्या एका डीलरकडे बीएमडब्ल्यूची ठोकलेल्या गाड्यांतून काढलेली दोन इंजिनं आहेत, दोन्ही सहा सिलिंडर सरळ, दोन्ही २९७९ सीसी. त्याने फोनवर सांगितलं की दोन्ही ट्विन टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारे टर्बो, तेही दोन-दोन), कव्हरवर लिहिलंयच की, ट्विनपॉवर टर्बो. मी कसारा घाट उतरून गेलो, टॉर्च मारून बघतो तर एकाला खाली टर्बो एकच! डीलर म्हणे दुसरा आत असेल. आत कुठे असणार भाऊ, टर्बो आहे की किडनी? घरी येऊन कोड शोधला तेव्हा कळलं, ते एन५५ निघालं, २००९ पासूनचं, एकच टर्बो पण ट्विन स्क्रोल, म्हणजे १ ते ३ सिलिंडरचा धूर एका वाटेने आणि ४ ते ६ चा दुसऱ्या वाटेने एकाच टर्बाइनवर जातो. दुसरं आहे ते एन५४, २००६ चं डिझाइन, त्याला खरोखरचे दोन छोटे टर्बो, तीन-तीन सिलिंडर वाटून घेतलेले.

कागदावर दोघंही ३०६ पीएस पॉवर आणि ४०० एनएम टॉर्क (फिरवायचा जोर). फरक इतकाच की एन५४ चा पूर्ण टॉर्क १३०० आरपीएमला येतो आणि एन५५ चा १२०० ला. म्हणजे दोन टर्बोवालं आधी पेटतं हे जे आपण सगळीकडे ऐकतो ते इथे उलटंच दिसतंय.

पण खरं सांगू का, मन दोन टर्बोकडेच ओढतंय. लहानपणापासून वहीच्या मागच्या पानावर ट्विन टर्बोच काढत आलोय, आता बॉनेट उघडल्यावर एकच दिसला तर कसं वाटेल सांगा. एन५४ ६० हजारांनी स्वस्तपण सांगतोय. मित्र म्हणतो नाशिक उंचावर आहे, हवा पातळ, दोन टर्बो पाहिजेतच. गाडीचं वजन ८०० किलोच्या आसपास जाईल. जानेवारीत द्राक्षं सुरू झाली की मामाची शेड खाली करून द्यायची आहे, त्याआधी इंजिन फ्रेममध्ये बसलं पाहिजे. कोणी असलं काम केलं असेल तर सांगा, कोणतं घेऊ?

प्रतिसाद १:
मित्राला मिसळ खाऊ घाला आणि गप्प बसवा. नाशिक ६०० मीटरच्या आसपास, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सहा-सात टक्के कमी, तेवढं कुठलाही टर्बो थोडं जास्त फिरून भरून काढतो. आणि ८०० किलोला ४०० एनएम म्हणजे दुसऱ्या गिअरमध्येपण टायर नुसते फिरणार, लॅगची (टर्बो उशिरा पेटण्याची) काळजी करायची वेळच येणार नाही.

प्रतिसाद २:
भाऊ टॉर्क सोडा, स्टिअरिंग कॉलम कुठून नेणार ते सांगा. ही दोन्ही इंजिनं उजवीकडे कललेली असतात आणि एक्झॉस्टपण त्याच बाजूला, आपलं स्टिअरिंगही उजवीकडेच. सेव्हन टाइपमध्ये कॉलम इंजिनाला घासून पुढे चाकं वळवणाऱ्या रॅकपर्यंत जातो, म्हणजे दोन टर्बो, धूर खाली नेणारे दोन डाउनपाइप, दोघांच्या ऑइल आणि कूलंटच्या लाइनी, सगळं त्याच बोळात. ऑइल रिटर्न तर उताराने खालच्या संपमध्ये (ऑइलच्या टाकीत) पडला पाहिजे, तो वाटेल तसा वळवता येत नाही. दोन यूजेत (युनिव्हर्सल जॉइंट, रॉडला वळण देणारे सांधे) भागलं तर ठीक, तिसरा लावला की मधल्या रॉडला सपोर्ट बेअरिंग लागणार, आणि ते बसवणार कुठे तर तापून लाल झालेल्या टर्बाइनशेजारी. पुढे पॉवर वाढवायची असेल तर ट्युनिंगवाले एन५४ ला मानतात हे खरं, पण तुम्हाला आहे तीच पॉवर जास्त होणारे.

प्रतिसाद ३:
कुठलंही घ्या पण इंजिनासोबत त्याच गाडीचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), इमोबिलायझरचा (चावी ओळखणारा) कॅस मॉड्यूल, चावी, पूर्ण वायरिंग आणि अॅक्सिलरेटर पेडल घ्या. एक जरी दुसऱ्या गाडीचं आलं तर चावी फिरवत बसाल. डायरेक्ट इंजेक्शन आहे, बाहेरचा ईसीयू लावणं स्वस्तात होत नाही. एन५४ घेतलंच तर हाय प्रेशर पंप आणि वेस्टगेटचा (जादा धूर टर्बोला चुकवून सोडणाऱ्या झडपेचा) खडखडाट आधी बघा, त्या इंजिनाची ती जुनी दुखणी आहेत.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. काल रात्री द्राक्षाच्या पेट्यांचा पुठ्ठा कापून टर्बोचे डमी केले, इंजिनाच्या जागी क्रेट रचले आणि कॉलमच्या जागी २० एमएमचा रॉड धरला. दोन डमी लावले तर रॉड पुढच्याला थेट भोसकतो, मागच्याला चुकवायला खाली घेतला तर माझा गुडघा अडकतो. एकाच डमीत, तो मधोमध ठेवला तर, रॉड दोन यूजेत खालून निघतोय, बोटभर जागा राहते. हीट शील्ड त्यात बसेल का शंकाच आहे. डीलरला फोन केला तर एन५५ चा ईसीयू आहे म्हणतो, कॅस आणि चावी 'बघून सांगतो'. मापं डोळ्यानेच घेतलेली आहेत, त्यामुळे रविवारी टेप आणि पुठ्ठा घेऊन परत मुंबईला. कोणाकडे एन५५ इंजिन बाहेर काढलेलं असेल तर ब्लॉकच्या मध्यापासून टर्बोच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं माप तेवढं टाका ना, चक्कर वाचेल.