युद्धकैद्यांची उशिरा आलेली पत्रं : तुमच्या घरातले अनुभव

जिनिव्हा करारानुसार युद्धकैद्याला महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहिता येतात. ती घरच्यांसाठी. छावणीतल्या सोबत्यांची एकमेकांना पत्रं गेली ती बहुधा सुटकेनंतर, कधी तीस-चाळीस वर्षांनी. अशी पत्रं ज्यांच्या घरी आली त्यांनी इथं लिहावं. पत्र कसं पोचलं, कुणी वाचून दाखवलं, आत काय होतं, सगळं सांगा. पलटणींच्या इतिहासात लढाया सापडतात, हे सापडत नाही.

साताऱ्याहून, नातू

माझे आजोबा पाचव्या मराठा रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत होते. जून 1942 मध्ये लिबियातलं टोब्रुक पडलं आणि पलटण कैद झाली. आजोबांना इटलीत आवेझ्झानोच्या छावणीत नेलं. 8 सप्टेंबर 1943 ला इटलीनं शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर झालं, तसे जर्मन पोचायच्या आत बरेच कैदी डोंगरात पळाले. त्या आब्रुझ्झो भागातल्या मेंढपाळांनी त्यांना लपवलं. कैदी सापडला तर आसरा देणाऱ्याच्या जिवावर बेतणार, हे त्या डोंगरात सगळ्यांना माहीत होतं. आजोबा एका कुटुंबाच्या मेंढवाड्यात हिवाळाभर राहिले. मक्याचा घट्ट घाटा आणि मेंढीच्या दुधाचं चीज, एवढंच जेवण. ते घेऊन यायचा घरातला आठ-नऊ वर्षांचा पोरगा.

ऐंशीच्या दशकात त्याच पोरानं, म्हणजे तोवर पन्नाशीला आलेल्या गृहस्थानं, बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र टाकलं. निघताना आजोबांनी त्याच्या वहीत आपलं नाव आणि पलटण लिहून दिली होती, त्याचा फोटो सोबत जोडलेला. सेंटरकडून जिल्हा सैनिक बोर्डाकडे, बोर्डाकडून तालुक्यातल्या माजी सैनिकांकडे असं फिरत फिरत ते आमच्या दारात आलं. इटालियन येणारे एक फादर पुण्यात सापडले, त्यांनी वाचून दाखवलं.

पहिलाच प्रश्न : तुझा पाय बरा झाला का? बर्फानं आजोबांच्या पायाची बोटं काळी पडली होती आणि त्या मुलाची आई रोज त्यांना डुकराची चरबी चोळायची. आजोबा माळकरी. चरबीची गोष्ट त्यांनी घरात कधीच कुणाला सांगितली नव्हती, ती त्या दिवशी आजीसमोर वाचली गेली. आजी जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "त्या माउलीला आधी लिवा, पाय शाबूत हाय म्हणावं."

आजोबांनी उत्तर लिहिलं ते पलटणीत शिकलेल्या रोमन अक्षरांतल्या हिंदुस्थानीत. तेव्हा लष्करात तीच शिकवत. तिकडे अर्थ कुणालाच कळला नाही, पण अक्षरं ओळखीची, त्यामुळे मुलानं म्हाताऱ्या आईला सगळं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. पुढच्या पत्रांना फादर होतेच. आजोबा जाईपर्यंत ही ये-जा चालू राहिली.

नागपूरहून, मुलगी

सगळ्यांच्या घरी असं घडलं नाही, म्हणून लिहिते. बाबा लष्करी वैद्यकीय पथकात होते. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या स्वाधीन झाले आणि तिथंच कॅप्टन मोहन सिंग यांनी सोबत येण्याची हाक दिली. बाबांचा वऱ्हाडातला जिवलग मित्र आझाद हिंद सेनेत गेला. बाबा गेले नाहीत. त्यांची रवानगी न्यू गिनीला झाली. तिथली उपासमार आणि मलेरिया यांतून फार थोडे परतले.

1972 साली स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन सुरू झालं. त्या अर्जासाठी मित्रानं जुने पत्ते गोळा केले, त्यात आमचा मिळाला. त्यानं लिहिलं होतं, 'तुला तेव्हा ओढून न्यायला हवं होतं.' बाबांनी पत्र वाचलं, कपाटात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. मला वाटतं, कोण कुठल्या बाजूला गेला याचा राग त्यांना नव्हता. दोघांचा एक तिसरा सोबती होता, तो न्यू गिनीत बाबांच्या हातांत गेला. त्याचं नावही पत्रात नव्हतं.

बाबा गेल्यावर मी त्या काकांना हे कळवलं. तिसरा मित्र गेल्याचं त्यांना तोवर माहीतच नव्हतं. त्याचं गाव, घरचे, सिंगापूरच्या बराकीत तो म्हणायचा ते अभंग, असं सगळं त्यांनी मला लिहून पाठवलं. बाबांना हे वाचायला मिळायला हवं होतं, ही रुखरुख मला आजही आहे.

फोंड्याहून

डिसेंबर 1961 नंतर तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक गोव्यात युद्धकैदी होते. मे 1962 पर्यंत त्यांना मायदेशी पाठवलं. एक छावणी आमच्या फोंड्यात होती. वडील पोदेर, त्यांचा पाव तिथं जायचा. परत गेल्यावर शरण आल्याबद्दल पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत या पोरांची हेटाळणी झाली. 31 डिसेंबर 1974 ला भारत-पोर्तुगाल करार होऊन पोर्तुगालनं गोवा भारताचा मानला, त्यानंतर त्यांतल्या एकाचं पत्र वडिलांना आलं. वर्षभरात दुसऱ्याचंही. दोघे एकाच तंबूतले, आणि पोर्तुगालमध्ये राहून एकमेकांचा पत्ता ठाऊक नाही! वडिलांनी याचा पत्ता त्याला कळवला, त्याचा याला.

कोल्हापूरहून, मुलगा

वडील 1971 मध्ये पश्चिम सीमेवर पकडले गेले आणि पाकिस्तानात लायलपूरच्या (आताचं फैसलाबाद) तुरुंगात होते. ऑगस्ट 1972 मध्ये दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे वैमानिक रावळपिंडीच्या छावणीची भिंत फोडून निसटले आणि थेट अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलला पोचून पकडले गेले. त्यानंतर वैमानिकांना लायलपूरला हलवलं, तेव्हा वडिलांना ही हकिकत कळली. आजही ती सांगताना त्यांचा आवाज चढतो. 1 डिसेंबर 1972 ला सगळे वाघा सीमेवरून परतले.

बराकीतला गुरदासपूरचा सोबती त्यांना एका माजी सैनिक मेळाव्यातल्या ओळखीतून सापडला, तोवर दोघेही आजोबा झाले होते. तो गुरमुखीत लिहितो. हायवेवरच्या ढाब्याचे सरदारजी आम्हाला वाचून देतात आणि चहाचे पैसे घेत नाहीत. पत्रात गुडघे, नातवंडं, ऊस आणि भाताचे भाव. दर 1 डिसेंबरला कार्ड ठरलेलं. फोन आहेत, पण वडिलांना कागदच लागतो.

बराकीतला तिसरा मात्र अजून सापडलेला नाही. पायदळातला, बेळगाव भागातला. बाकीच्यांना सही करायला शिकवायचा म्हणून सगळे त्याला 'मास्तर' म्हणत. पाटीऐवजी तो सिगारेटच्या पाकिटांची आतली बाजू वापरायचा. कुणाच्या घरी ही खूण पटत असेल तर इथं लिहा, मी वडिलांना लगेच वाचून दाखवतो.