पार्किन्सन्स असलेल्या आईची सेवा बाबा एकट्यानेच करतात. मदतीला कोणी नको म्हणतात

कोयनाकाठ :
सविनय नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची असून तिला पार्किन्सन्सचे निदान होऊन ९ वर्षे झाली आहेत. सुरुवातीला फक्त उजव्या हाताला कंप होता. आता कंपापेक्षा ताठरपणाच अधिक आहे, आवाज इतका बारीक झाला आहे की फोनवर तिचे बोलणे कळत नाही, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तिचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. आईबाबा साताऱ्यात राहतात; मी नोकरीनिमित्त पुण्यात असतो आणि दर शनिवारी जाऊन रविवारी परततो.

बाबांचे वय ७४ आहे. आईला कुशीवर वळवण्यासाठी ते रात्री तीन-चार वेळा उठतात, तिचे दात घासून देतात, तिला न्हाऊ घालतात, वेणी घालतात (माझ्या बहिणीपेक्षा चांगली घालतात, हे बहीणच सांगते) आणि भाजी मऊ कुस्करून एकेक घास भरवतात. दिवसातून पाच वेळा गोळ्या असतात. त्यांच्या वेळा बाबांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवल्या आहेत, आणि गोळी उष्ण पडू नये म्हणून प्रत्येक गोळीसोबत ते अर्धा पेला गरम दूध देतात. यात एक दिवसही खंड पडलेला नाही.

गेल्या महिन्यात आईला न्हाणीघरातून उठवताना त्यांच्या कमरेत उसण भरली आणि दोन दिवस त्यांनी ते आम्हाला कळू दिले नाही. मी ब्युरोकडून दिवसपाळीची बाई ठरवली, पण चौथ्याच दिवशी बाबांनी पूर्ण महिन्याचे पैसे देऊन तिला निरोप दिला. कारण एवढेच, की तिने भरवताना घाई केली. आई याबाबत काहीच बोलत नाही.

बाबांना मदत घ्यायला कसे राजी करावे? शिवाय सकाळी दहाची गोळी घेऊनही अकरा ते एक आई पार आखडून जाते. हा आजार वाढल्याचाच परिणाम समजावा का?

अबोली :
तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते बहुधा त्या दुधाच्या पेल्यात आहे. माझ्या यजमानांना हा आजार १२ वर्षे होता आणि पहिले वर्षभर मीही गोळी दह्याभाताबरोबरच देत असे. आईंच्या गोळीत लेव्होडोपा (या आजारावरचे नेहमीचे औषध) असेल, तर ते आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत ज्या वाटेने जाते, तीच वाट प्रथिनांपासून सुटणारी अमिनो आम्लेही वापरतात. एसटीच्या एकाच दारातून सगळे एकदम चढू लागले की काही जण खालीच राहतात, तशी गोळीची गत होते. म्हणून ती सहसा जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा जेवणानंतर तासाभराने, साध्या पाण्याबरोबर देतात. मळमळ होत असेल तर सोबत एखादे बिस्किट चालते. दूध, डाळ बंद मात्र करू नका. या आजारात वजन आधीच उतरते. आठवडाभर गोळीची वेळ, खाण्याची वेळ आणि आईंचे अंग कधी मोकळे झाले, हे वहीत टिपा आणि ती वही न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. मात्रेत आपल्या मनाने बदल करू नका आणि गोळी एकदम थांबवू तर नकाच. ते जिवावर बेतू शकते.

हे बाबांना तुम्ही सांगू नका, डॉक्टरांना सांगू द्या. इतकी वर्षे ज्या मायेने पेला हाती दिला, तोच आड येत होता, हे मुलाच्या तोंडून ऐकणे जड जाते. मी एक दुपारभर रडले होते.

आणखी एक गोष्ट मनाला लागली. आई काहीच बोलत नाही, असे तुम्ही लिहिले आहे. या आजारात चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, त्यामुळे माणूस उदासीन किंवा राजी असल्यासारखा दिसतो. गोळी लागू पडलेली असताना जवळ बसून आईंना विचारले आहे का?

पायवाट :
मी फिजिओथेरपिस्ट आहे. उंबऱ्याशी पाय अडकले की आईंना ओढू नये, कारण त्याने तोल जातो. क्षणभर थांबावे, त्यांना वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यायला सांगावे आणि मग ‘एक, दोन’ मोजत पाऊल उचलायला लावावे. उंबऱ्यापुढे जमिनीवर पाऊलभर अंतराने रंगीत चिकटपट्ट्या लावल्यास पुष्कळांचे पाऊल त्या ओलांडण्यासाठी उचलले जाते. जागच्या जागी गिरकी घेऊ देऊ नये, मोठे वळण घ्यावे.

बाबांच्या कमरेसाठी न्हाणीघरात भिंतीला पक्की दांडी आणि उंच बैठकीची खुर्ची हवी. खांद्याखाली हात घालून उचलणे त्यांनी आजच थांबवावे. कंबरेपाशी सॅटिनचे कापड अंथरले की रात्री कूस बदलणे सोपे जाते. भरवताना आईंनी ताठ बसावे, हनुवटी किंचित खाली असावी, आणि घास गिळून होईपर्यंत त्यांना बोलायला लावू नये. पाण्याचा वारंवार ठसका लागत असेल तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडून गिळण्याची तपासणी करून घ्यावी. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइड दिले जात असेल तर डॉक्टरांना आईंच्या आजाराची आठवण करून द्यावी. त्याने ताठरपणा वाढतो.

जाता जाता : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत पार्किन्सन्सचा समावेश आहे. प्रमाणपत्र काढून ठेवावे.

जुना डबा :
मला बाबांची बाजू मांडू द्या. मीही पत्नीची शुश्रूषा सहा वर्षे केली. ज्या माणसाला गिळायला वेळ लागतो त्याला घाईने भरवणे धोक्याचे असते, आणि बाबांनी त्याच कारणासाठी बाईंना घालवले असेल तर त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. तुम्ही बाई नेमली, पण तिला शिकवले कोणी? आठ दिवस बाबांनीच तिला शिकवावे आणि ती फक्त दोन तास यावी. बदलीवर माणूस आला की अपमान वाटतो. हाताखाली आला तर वाटत नाही.

थोडे कडू विचारतो, रागावू नका. शनिवारी तुम्ही जाता, त्या रात्री आईला कुशीवर कोण वळवते? पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तेथे रुग्णांबरोबर सांभाळणारेही भेटतात. बाबांना एकदा तेथे न्या, पण त्याआधी ती एक रात्र तुम्ही घ्या.

कोयनाकाठ :
उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. शनिवारची रात्र आता माझी असते. पहिल्या रात्री बाबा दर वेळी दाराशी येऊन उभे राहिले. दुसऱ्या खेपेला एकदाच आले. डॉक्टरांनी वही पाहून गोळ्यांच्या वेळा बदलल्या आणि दूध संध्याकाळी हलवले. अकराचा आखडलेपणा संपलेला नाही, परंतु दोन तासांऐवजी आता तो साधारण पाऊण तास टिकतो.

गोळी लागू पडलेली असताना आईला विचारले. वाक्य पूर्ण व्हायला बराच वेळ लागला. आंघोळीला बाईच हवी, असे तिला वर्षभर सांगायचे होते. वेणी मात्र त्यांनीच घालावी. सोमवारपासून नऊ ते अकरा बाई येतात. बाबा त्या वेळात अंगणात वर्तमानपत्र घेऊन बसतात आणि सव्वाअकराला फणी घेऊन आत जातात.