पीएफ-ईएसआयचा भार नेमका कोणावर पडतो?

वर्कशॉपवाला, भोसरी
माझ्याकडे १९ माणसं आहेत. काम २२ जणांचं आहे, तरी विसावा माणूस घेत नाही. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,००० धरा. मालकाचा पीएफ १२ टक्के म्हणजे १,८००. प्रशासन खर्च आणि विम्याचे आणखी दीडशे. विसावा माणूस आला की हे १,९५० त्याच्या एकट्याचे नाही, वीसही जणांचे सुरू होतात. महिन्याला ३९,०००! पुढे माणसं कमी झाली तरी सुटका नाही. ईएसआयचे, म्हणजे कामगाराच्या आजारपणाच्या विम्याचे, सव्वातीन टक्के दहाव्या माणसापासून भरतोच आहे. मोठ्या कंपनीचा जॉबवर्कचा दर नगावर ठरलेला. वाढवून मागितला की ड्रॉइंग, म्हणजे कामच, शेजारच्या गाळ्यात जातं. म्हणजे रोजगारावरच्या या कराने माझा माल महाग होत नाही, माझी भरती थांबते. पीएफ टप्प्याटप्प्याने लागू करा, एवढीच मागणी आहे.

हिशेबनीस, ठाणे
पीएफला कर म्हणू नका. तो पैसा कामगाराचाच आहे, २०२४-२५ साठी त्यावर ८.२५ टक्के व्याज होतं. मालकाच्या हिश्श्यातून ८.३३ टक्के पेन्शनला वळतात, तेही त्याच्याचसाठी.
कर म्हणायचाच तर व्यवसाय कराला म्हणा. महाराष्ट्रात तो १९७५ पासून आहे, रोजगार हमीसाठी बसवलेला. ७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांना पुढेही काम मिळावं म्हणून पगारदारांनी वाटा उचलला, हे मला आजही योग्य वाटतं. खटकतं ते वेगळंच. घटनेनेच वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा घातली आहे. त्यामुळे महिना १२,००० कमावणारा पुरुष आणि २ लाखवाला, दोघंही सारखेच भरतात. (बायकांना २५,००० पर्यंत माफी आहे, ते बरं झालं.)

कंत्राटी कामगार, रांजणगाव
मालकाचा वाटा मालक भरतो, हे कागदावर. आमच्या ठेकेदाराने रुजू होतानाच सीटीसी (माझ्यावरचा मालकाचा एकूण खर्च) सांगितला, आणि त्यातून दोन्ही वाटे कापले. बारा माझे, बारा त्याचे, दोन्ही माझ्याच खिशातून. स्लिपवर कपात दिसायची, पीएफचं पासबुक उघडलं तर कित्येक महिने कोरं. दादा, तुमच्या १९ जणांना म्हातारपणी काय मिळणार, तेही सांगा.

वर्कशॉपवाला, भोसरी
ठेकेदाराने केलं ती सरळ चोरी आहे, तिची बाजू मी घेणार नाही. माझ्याकडे माणूस आजारी पडला की ईएसआयचं कार्ड चालतं. पीएफ नाही, हे खरं आहे. पण पीएफसकट एकोणीसच्या जागी पंधरा ठेवले तर उरलेल्या चौघांनी कुठे जायचं?

मुक्काम स्लाव (इंग्लंड), मूळ सांगली
इकडे एप्रिल २०२५ पासून मालकाचा नॅशनल इन्शुरन्स (पगारावर मालकाने भरायची सरकारी वर्गणी) १३.८ वरून १५ टक्के झाला, आणि तो ९,१०० ऐवजी वर्षाला ५,००० पौंड पगाराच्या वरच लागू लागला. अर्धवेळ माणसं ठेवणाऱ्यांना हा दुसरा बदल जास्त झोंबला. छोट्या मालकांना सवलत वाढवून १०,५०० पौंड केली, म्हणून अगदी लहान दुकानं वाचली. मी काम करतो त्या हॉटेलने थाळीचा दर वाढवला आणि शनिवारची एक पाळी कापली. गिऱ्हाईक समोर असलं की थोडं त्याच्यावर ढकलता येतं. भोसरीवाल्यांचं गिऱ्हाईक एकच आणि तेही मोठं, तिथे ढकलणार कुणावर?

कंत्राटी कामगार, रांजणगाव
मग भांडण त्या मोठ्या गिऱ्हाइकाशी करा ना. सगळ्या गाळेवाल्यांनी मिळून नगाच्या दरात पीएफ धरून मागा. दर कमी म्हणून सूट मागायची, ती आमच्याच पेन्शनमधून का?