वॉर्डची इन्चार्ज कोण? सेवाज्येष्ठता की एम.एस्सी.?

पांढरी_टोपी (फोंडा):
आमच्या रुग्णालयात नवी इन्चार्ज सिस्टर, म्हणजे वॉर्डची प्रमुख नर्स, नेमायची आहे. नेहमीप्रमाणे सेवाज्येष्ठतेची यादी काढतील आणि वरचं नाव उचलतील. माझं म्हणणं आहे, इन्चार्जपासून मॅट्रनपर्यंतच्या (रुग्णालयातल्या मुख्य नर्सपर्यंतच्या) पदांना एम.एस्सी. नर्सिंग सक्तीचं करा. मी ९ वर्षं वॉर्डात काढली, मग एम.एस्सी. केलं. दुसऱ्या वर्षाला नर्सिंग मॅनेजमेंट असतं, १५० तास वर्गात आणि १५० तास प्रत्यक्ष काम. नुसतं 'स्टाफ कमी आहे' म्हटल्यावर वरून कोणी माणूस का देत नाही, ते मला तिथे कळलं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष बघा. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जनरल वॉर्डला ३ खाटांमागे १ नर्स, शिवाय रजेपोटी ३० टक्के. म्हणजे ३० खाटांना १० अधिक ३, एकूण १३. हा हिशेब, सहा महिन्यांत पेशंटना पडून राहून झालेल्या जखमा (बेडसोर), चुकलेले डोस, सगळं एका कागदावर मांडता आलं पाहिजे. मला तरी ९ वर्षांच्या अनुभवाने ते आलं नव्हतं.

म्हादईकाठची:
ताई, १३ कागदावर ठीक. माझ्या वॉर्डात ७ आहेत, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर. तुमच्या पदवीने आठवी येणार आहे का? मी २६ वर्षं हेच करतेय. चवथ आली की सगळ्यांना घरी जायचं असतं. गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायची असते, गणपती दीड दिवसाचा असला तरी घरच्या सुनेला सुटका नाही. तेव्हा आमच्या कॅथलिक सिस्टर जास्तीच्या ड्युट्या घेतात, नाताळात आम्ही त्यांच्या नाईट करतो. गेल्या चवथीला कोण राबली, कुणाची सासू अंथरुणाला खिळलीय, सलग नाईट दिल्या की कोण आजारी पडते, सगळं माझ्या वहीत आहे. हे कुठल्या विद्यापीठात शिकवतात?

आणि एम.एस्सी.च्या शाखा पाच: मेडिकल-सर्जिकल, प्रसूती व स्त्रीरोग, बालआरोग्य, मानसिक आरोग्य, सामुदायिक आरोग्य. यात प्रशासन कुठे आहे? एका पेपरच्या जोरावर वॉर्ड चालवायचा? प्रवेशाला बी.एस्सी.नंतर १ वर्षाचा अनुभव पुरतो. उद्या २६ वर्षांची मुलगी माझी वरिष्ठ होईल, आणि रात्री तीनला पेशंट खालावला की हाक मलाच मारील.

मडगावचा_हिशेबनीस:
खासगी रुग्णालयात आहे, वॉर्डांचे इन्डेंट, म्हणजे सामानाची मागणीपत्रं, माझ्याकडे येतात. 'हातमोजे संपले, पाठवा' असं आलं की मी आकडा कापतो. एक एम.एस्सी. झालेल्या सिस्टर महिन्यावार खप मांडून देतात, तो मला कापता येत नाही. मात्र त्यांच्याच वॉर्डातून मुली सारख्या नोकरी सोडतात, हेही खरं.

दोडामार्गकर:
आई बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) होती. आम्हा सिंधुदुर्गवाल्यांना तोच आधार. कुणाची पदवी काय होती ते मला माहीत नाही. पाळी बदलताना सिस्टर खाटेपाशी उभी राहून आईची औषधं पुढच्या सिस्टरला एकेक करून सांगायची. ते ऐकलं की मला बाहेर बाकावर झोप लागायची.

पांढरी_टोपी:
ताई, तुमच्या वहीला मनापासून नमस्कार. पण तुमची बदली झाली की ती वही तुमच्याबरोबर जाईल, वॉर्डाकडे काय उरेल? दोडामार्गकर म्हणतात तसा खाटेपाशीचा हँडओव्हर तुम्ही रजेवर असतानाही होतो का? फ्लॉरेन्स नाइटिंगेलही रात्रीच्या फेऱ्या मारून थांबली नाही. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त सैनिक मेले, हे तिने १८५८ मध्ये आकृत्या काढून सरकारपुढे ठेवलं. ते काम आपलंच आहे. पाच शाखांचा मुद्दा मात्र मान्य. प्रशासनाची वेगळी शाखा हवी, आणि तुमच्यासारख्या इन्चार्जच्या हाताखाली सहा महिने काढल्याशिवाय ती पदवी मिळू नये.

म्हादईकाठची:
पाठवा, शिकवीन. पण एक सांगा. तुम्ही दोन वर्षं शिकायला गेलात तेव्हा तुमच्या नाईट कोणी केल्या? तुमच्या जागी कोणी दिलं होतं?

पांढरी_टोपी:
नाही. मागे राहिलेल्यांनी वाटून घेतल्या.

म्हादईकाठची:
मग सक्ती मागताना ते पहिल्या ओळीत लिहा. माझ्या वॉर्डातल्या दोघींना एम.एस्सी. करायचंय, दोघी हुशार आहेत. त्यांचे अर्ज दोन महिने माझ्या टेबलावर पडलेत. सही केली तर वॉर्डात चौघी उरतात.