चार दिवसांत म्हातारपण येत नाही
सिडकोतल्या ताई, वडील चार दिवसांपासून शब्द नीट उच्चारतात पण बोलण्याचा धागा सोडतात, शेजारी त्याला म्हातारचळ म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. स्मृतिभ्रंश सहसा महिनोन्महिने वाढतो. असा अचानक गोंधळ म्हणजे बहुधा दुसरं कारण. आजच दवाखान्यात न्या. रक्तातलं सोडियम (१३५ च्या खाली म्हणजे कमी, रक्तदाबासाठीच्या लघवी वाढवणाऱ्या गोळीनेही उतरतं), साखर आणि लघवी तपासून घ्या. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत द्वारका चौकात गाडीवरून घसरले होते का? डोक्याला लागलेल्या किरकोळ मारानंतरही मेंदूवर हळूहळू रक्त साकळू शकतं, विशेषतः रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर. म्हणून सीटी स्कॅनचं विचाराच. मेंदूच्या उजव्या बाजूला आलेल्या पक्षाघाताच्या झटक्यातही वाचा शाबूत राहून बोलण्याचा संदर्भ सुटू शकतो. तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला तर तत्काळ १०८.