दात 32च असतात ना, मग चिठ्ठीवर 36 कसा?

कोथरूडकर:
आईची खालची डावी दाढ आठवडाभर ठणकतीये. काल टिळक रोडला दाखवून आलो, एक्स-रे झाला, चिठ्ठीवर लिहिलंय 36 रूट कॅनल. दात तर 32, मग हा 36वा कुठला? अमेरिकेतल्या भावाला फोटो पाठवला तर तो म्हणतो तिकडे हिला 19 म्हणतात. उद्या सकाळची अपॉइंटमेंट आहे आणि भलत्याच दाढेला हात लागेल म्हणून आईचा जीव थाऱ्यावर नाही. कुणी नीट सांगेल का?

बीडीएस_इंटर्न:
दादा, दोन्ही नंबर बरोबर आहेत, दाढ एकच आहे. छत्तीस नाही वाचायचं, तीन-सहा. तोंडाचे चार भाग धरतात, वरचा उजवा 1, वरचा डावा 2, खालचा डावा 3, खालचा उजवा 4. मग त्या भागात अगदी मधल्या दातापासून मागे मोजत जायचं, 1 आणि 2 पटाशीचे, 3 सुळा, 4-5 उपदाढा, 6-7 दाढा, 8 अक्कलदाढ. आधी पेठ, मग घर नंबर, तसंच. उजवं-डावं मात्र पेशंटचं, समोर बसून बघाल तर उलटं दिसणार, एक्स-रेवर पण तसंच. अमेरिकेत सरळ 1 ते 32 मोजतात, वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून डावीकडे 16, मग खाली डाव्या अक्कलदाढेपासून 17 सुरू, म्हणून ही 19.

कोथरूडकर:
आत्ताच टॉर्च लावून मोजलं. सहावी आली ती दुखतच नाहीये, तिच्या अलीकडची दुखतीये!! आता काय करू?

सिंहगड_रोडवाली:
काकूंचा मधला एखादा दात आधी काढलाय का? माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही असंच चुकीचं मोजलं होतं. दात गेला तरी त्याचा नंबर त्याचाच राहतो, मागच्यांचे नंबर पुढे सरकत नाहीत.

बीडीएस_इंटर्न:
अगदी बरोबर ताई. आणि नुसतं मोजू नका, आकार बघा. खालची 6 नंबरची दाढ चांगली मोठी असते, वर बहुतेक पाच उंचवटे, मागच्या 7 ला साधारण चार.

कोथरूडकर:
हो हो, उपदाढ काढली होती, 15 वर्षं झाली! मागची दाढ पुढे कलून फट बुजल्यासारखी झालीये म्हणून लक्षातच आलं नाही. म्हणजे दुखतीये तीच 36. आईला दाखवलं, उंचवटे पण पाच मोजले. तरी उद्या इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांना बोट लावून दाखवायला सांगतो. खूप आभार दोघांचे.